मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचली आणि वकिली सोडलेल्या एका पारशी माणसाने कुलपांचा कारखाना काढला

गणपतीला कोकणात निघालेलं लालबागचं कुटुंब असो, नाहीतर मे महिन्यात गावाला चाललेलं डोंबिवलीचं. घर सोडतानाचा कार्यक्रम सगळीकडे सारखाच असतो. गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद, देवाजवळचा दिवा विझलाय का बघायचं आणि शेवटी दाराला कुलूप. कुलूप लावलं की ते दोनदा खाली ओढून बघायचं. जिना उतरून रिक्षात सामान ठेवेपर्यंत कुणाच्या तरी मनात शंका येते. मग तो परत वर जाऊन तिसऱ्यांदा ओढून येतो.

खरं सांगायचं तर त्या ओढण्याने फक्त कुलूप लागलंय एवढंच कळतं. ते किती चांगलं आहे, याचा निकाल आपण घरी नसताना लागायचा असतो. आंबा घेताना वास घेता येतो, कापड घेताना हात लावून बघता येतो. कुलपाचं तसं नाही. ते बनवणाऱ्याच्या शब्दावरच विकत घ्यावं लागतं.

आपल्याकडे शंभर वर्षांहून जास्त काळ ज्या नावावर लोकांनी असा विश्वास टाकला, ते नाव म्हणजे गोदरेज.

आणि या नावामागचा मूळ माणूस कुलूपवाला नव्हताच. तो वकील होता. खोटं बोलायला लागेल म्हणून त्याने वकिली सोडली. मग त्याने एक धंदा काढला, तोही मालावर खोटा छाप मारायला नकार दिला म्हणून बुडाला. तिसऱ्या वेळी त्याने कुलपं बनवली.

त्याचं नाव अर्देशीर गोदरेज.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ चा. मुंबईतलं खात्यापित्या घरातलं पारशी कुटुंब. वडील बुर्जोरजी आणि आजोबा सोराबजी जमीनजुमल्याच्या व्यवहारात होते. घराण्याचं मूळ आडनाव गुथेराजी. अर्देशीर तीन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, १८७१ मध्ये, वडिलांनी ते बदलून गोदरेज केलं. सहा भावंडांत अर्देशीर सगळ्यात मोठे.

पैशाची अडचण नव्हती. मुलगा हुशार होता. कायदा शिकायचं ठरलं. १८९० मध्ये बच्चूबाईंशी लग्न झालं. सगळं अगदी रीतसर चाललं होतं.

आणि १८९१ साल उजाडलं.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तेव्हा नवा होता, बांधून जेमतेम तेरा वर्षं झाली होती. वर चढून शहर बघायला लोक जायचे. बच्चूबाई आणि त्यांच्या नात्यातली एक मुलगी अशा दोघी टॉवरवर गेल्या. थोड्या वेळाने दोघींचे मृतदेह खाली सापडले. वर त्यांच्यावर कुणीतरी हात टाकायचा प्रयत्न केला, त्यातून हे घडलं असं बोललं गेलं. खटला उभा राहिला, शहर ढवळून निघालं, वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. शेवटी आरोपी निर्दोष सुटला.

अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे काही केलं ते एकट्या माणसाने केलेलं काम आहे, हे त्यांच्या यशाच्या गोष्टी सांगताना बऱ्याचदा गाळलं जातं.

पुढे शिक्षण पूर्ण झालं. १८९४ मध्ये मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्मने या तरुण वकिलाला एका केससाठी थेट पूर्व आफ्रिकेत, झांझिबारला पाठवलं. मुंबईच्या व्यापाऱ्यांचे झांझिबारशी जुने संबंध होते, त्यामुळे तिथल्या भानगडी इथल्या वकिलांकडे येणं यात नवल नव्हतं.

केस सुरुवातीला नीट चालली. पण खोलात गेल्यावर अर्देशीर यांच्या लक्षात आलं की, अशिलाची बाजू पूर्ण लावून धरायची तर आपल्याला जे खरं वाटत नाही तेही कोर्टात खरं म्हणून सांगावं लागेल. त्यांनी ते करायला साफ नकार दिला. समजूत घालणाऱ्यांनी समजूत घातली, पण उपयोग झाला नाही. ते मुंबईला परत आले आणि वकिलीचा विषय कायमचा संपला.

आता इथे कुणालाही वाटेल की, माणूस जरा जास्तच ताणतोय. अर्धवट खरं बोलून निभावता आलं असतं. वडिलांनाही कदाचित तसं वाटलं असेल. पण अर्देशीर यांचा स्वभावच असा होता, आणि तो पुढच्या धंद्यातही आडवा आला.

परत आल्यावर त्यांनी एका केमिस्टकडे मदतनीस म्हणून काम धरलं. तिथे त्यांचं लक्ष डॉक्टरांच्या हत्यारांकडे गेलं. चिमटे, कात्र्या, शस्त्रक्रियेच्या सुऱ्या, सगळं बाहेरून यायचं. हे इथे का बनू नये, असं त्यांच्या मनात आलं.

भांडवलासाठी ते वडिलांकडे गेले नाहीत. मेरवानजी कामा नावाचे वडिलांच्या ओळखीतले एक प्रतिष्ठित पारशी गृहस्थ होते. त्यांच्याकडून त्यांनी तीन हजार रुपये उसने घेतले. आज तीन हजारांत एक बरं डिजिटल लॉकही येत नाही, पण त्या काळी ही रक्कम मोठी होती.

हत्यारं उत्तम बनली. ज्या दुकानदार कंपनीला ती विकायची होती तिलाही माल पसंत पडला. गाडी अडली ती छापावर. माल भारतात बनलाय असं हत्यारांवर लिहिलं तर मुंबईतला कुठलाच डॉक्टर ते घेणार नाही, असं मालकाचं म्हणणं होतं. परदेशी छाप मारू, मग खपेल. अर्देशीर यांचं म्हणणं, माल इथे बनलाय तर छापही इथलाच पाहिजे.

मालक धंद्याच्या दृष्टीने चूक नव्हता, हेही मान्य करायला पाहिजे. पण अर्देशीर मागे हटले नाहीत. सौदा फिसकटला, धंदा बुडाला, आणि कामांचे तीन हजार डोक्यावर राहिले.

पुढे काय घडलं हे समजून घ्यायचं तर त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणायला लागेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांना काही रुग्णांत प्लेगची लक्षणं दिसली. पुढच्या काही महिन्यांत साथ शहरभर पसरली. तेव्हा मुंबईची लोकसंख्या साधारण आठ लाख होती. त्यातले काही लाख लोक १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत शहर सोडून पळाले. कुणी बोटीने कोकणात गेलं, कुणी रेल्वेने गुजरातकडे, कुणी घाटावर. गिरण्यांना कामगार मिळेनात. पेठाच्या पेठा ओस पडल्या.

थोडक्यात, शहरात हजारो घरं अशी होती जिथे माणूस नव्हता आणि दाराला फक्त एक कुलूप होतं.

त्यात सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा आणला. अधिकाऱ्यांना घरांची झडती घ्यायचे, घर धुऊन काढायचे, सामान जाळायचे अधिकार मिळाले. पुण्यात याच कारवाईतून संताप इतका वाढला की त्याच वर्षी २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपल्याला शाळेपासून माहीत आहे. कुलूप लावून गेलेल्या माणसाला दोन भीती होत्या. घराचं सरकार काय करेल आणि घरात चोर शिरेल का.

प्लेगमुळेच चोऱ्या वाढल्या असा सरळ हिशोब मांडणं घाईचं होईल. पण याच दिवसांत अर्देशीर यांच्या वाचनात एक बातमी आली. मुंबईत घरफोड्या वाढल्या आहेत आणि घराच्या, ऑफिसच्या बंदोबस्ताकडे लोकांनी नीट लक्ष द्यावं असं पोलीस कमिशनरांचं सांगणं आहे, अशी ती बातमी होती.

बाकीच्यांनी पान उलटलं असेल. अर्देशीर तिथेच थांबले. चांगलं कुलूप घ्या हे सांगणं ठीक, पण चांगलं कुलूप मिळतं कुठे, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या वेळी बाजारात दोन प्रकारचा माल होता. एक म्हणजे इंग्लंड, जर्मनीहून आलेली कुलपं. चांगली होती, पण महाग. दुसरी म्हणजे इथल्या लोहारांनी, कारागिरांनी हाताने घडवलेली. स्वस्त होती, दिसायला दणकटही होती. पण हाताने बनवलेल्या कुलपाची गोम अशी असते की आतले भाग नेमक्या मापाचे निघत नाहीत. भाग सैल बसले की चुकीच्या किल्लीलाही वाट मिळते. अनुभवी चोराला तर वाकवलेली तार पुरते.

अर्देशीर पुन्हा मेरवानजी कामांकडे गेले. आधीचे तीन हजार फेडलेले नसताना! कामांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि आपल्या समाजात याआधी कुणी हा धंदा केलाय का, अशी विचारणा केली. त्यावर अर्देशीर यांचं उत्तर साधारण असं होतं की ते ठाऊक नाही, पण कुणी केला नसेल तर आपण पहिले ठरू. कामांनी पैसे दिले.

हा म्हातारा माणूस या गोष्टीतला खरा जुगारी आहे. एकदा पैसे बुडालेल्या पोराला त्याने दुसऱ्यांदा पैसे दिले, कारण पोराने पैसे कशामुळे बुडवले हे त्याला माहीत होतं.

७ मे १८९७. प्लेग अजून गेलेला नव्हता. लालबागला बॉम्बे गॅस वर्क्सच्या शेजारी २१५ चौरस फुटांच्या एका शेडमध्ये काम सुरू झालं. २१५ चौरस फूट म्हणजे चाळीतली एक मोठी खोली समजा. तिथे डझनभर कारागीर होते, काही गुजरातचे, काही मलबारचे. अर्देशीर स्वतः लोहारकाम शिकलेले नव्हते. पण कुलूप ही मापाची वस्तू आहे, हे त्यांना पक्कं कळलं होतं. प्रत्येक भाग दरवेळी सारखाच निघाला पाहिजे आणि ते यंत्राशिवाय होणार नाही, म्हणून त्यांनी हाताऐवजी मशीनवर भर दिला.

आता थोडं कुलपाच्या पोटात शिरूया, कारण अर्देशीर यांचं कौतुक नेमकं कशासाठी करायचं ते त्याशिवाय कळत नाही.

लिव्हरच्या कुलपात आत पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. त्यांनाच लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते. किल्ली फिरवली की तिचे दाते या पट्ट्या उचलतात. सगळ्या पट्ट्या अगदी ठरलेल्या उंचीवर आल्या की खाचा एका रेषेत येतात आणि दांडा सरकतो. एकही पट्टी जरा कमी किंवा जास्त उचलली गेली तर दांडा अडतो. म्हणजे लिव्हर जितके जास्त आणि खाचा जितक्या नेमक्या, तितकं ते कुलूप फसवायला अवघड.

या पट्ट्यांना परत जागेवर ढकलायला नेहमीच्या कुलपात बारीक स्प्रिंग असते. कुलूप पहिल्यांदा दगा देतं ते इथे. मुंबईच्या खाऱ्या हवेत स्प्रिंग गंजते, तुटते, आणि मग मालक स्वतःच दाराबाहेर उभा राहतो. अर्देशीर यांनी स्प्रिंगच काढून टाकायचा विचार केला आणि पुढे स्प्रिंग नसलेल्या लिव्हर कुलपाचं पेटंटही घेतलं.

सुरुवातीला त्यांची कुलपं अँकर नावाने विकली जायची आणि ती सहजी फसवता येणार नाहीत याची हमी सोबत यायची. कुलपावर लेखी हमी देणं तेव्हा साधी गोष्ट नव्हती. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या एका अमेरिकन कुलूपवाल्याने इंग्लंडमधली सगळ्यात नावाजलेली दोन कुलपं उघडून दाखवली होती. त्यातल्या ब्रामा कंपनीच्या कुलपाला त्याला एकूण ५१ तास लागले, पण उघडलं. इंग्रजांची चांगलीच नाचक्की झाली होती. हमी देणारा कुलूपवाला असा उघड्यावर पडू शकतो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.

अर्देशीर यांच्या पुढच्या कुलपांकडे बघितलं की हा माणूस रिकाम्या घराचा किती बारकाईने विचार करत होता ते दिसतं.

एक होतं गॉर्डियन. याच्यासोबत दोन किल्ल्या यायच्या आणि दोन्हींनी कुलूप उघडायचं. पण दुसरी किल्ली वापरून आतली रचना अशी बदलता यायची की पहिली किल्ली निकामी व्हायची. याचा फायदा काय? समजा, पहिली किल्ली हरवली. किंवा काम सोडून गेलेल्या माणसाने तिची नक्कल करून ठेवली असेल अशी शंका आली. तर कुलूप बदलायची गरज नाही, जुनी किल्ली बाद करून टाका. आज आपण कुणी नोकरी सोडली की पासवर्ड बदलतो, तसंच हे.

दुसरं होतं डिटेक्टर. चुकीच्या किल्लीने कुणी उघडायचा प्रयत्न केला तर ते अडकून बसायचं आणि मालकाच्या खऱ्या किल्लीनेच पुन्हा ठिकाणावर यायचं. म्हणजे आपण नसताना कुणीतरी हात लावून गेलंय, हे परत आल्यावर मालकाला कळायचं. ही कल्पना मूळची इंग्लंडच्या चब यांची, १८१८ ची. अर्देशीर यांनी ती इथे आणली.

पण कुलपाला एक मर्यादा असते आणि ती कुठल्याच कंपनीला ओलांडता आलेली नाही.

चोर हॉब्जसारखा ५१ तास बसत नाही. तो कटावणी घालून कडी-कोयंडा उचकटतो. कुलूप जसंच्या तसं राहतं आणि कोयंड्यासकट हातात येतं. लाकूड कुजलेलं असेल, कोयंड्याचे स्क्रू अर्ध्या इंचाचे असतील, तर वरच्या महागड्या कुलपाला काही अर्थ नाही. शिवाय दाराबाहेर लोंबणारं कुलूप येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगतं की घरात कुणी नाही. आजही पोलीस सांगतात की दारात दूध आणि पेपर साठू देऊ नका, शेजाऱ्याला सांगून जा. त्याचं कारण हेच आहे.

कायद्यानेही हे ओळखलं होतं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत घरफोडीचे सहा प्रकार दिलेले होते. कुलूप उघडून आत शिरणं हा त्यातला फक्त एक. कायदा शिकलेल्या अर्देशीर यांना हे कलम अनोळखी असण्याचं कारण नव्हतं.

मग चोर आत आलाच तर काय, हा पुढचा प्रश्न होता. आणि त्यातून तिजोरी आली.

तोपर्यंत आपल्याकडे दागिने ठेवायच्या जागा ठरलेल्या होत्या. जमिनीत पुरलेला हंडा, भिंतीतला कोनाडा, धान्याची कणगी, माळ्यावरची ट्रंक. अडचण अशी की या जागा चोरालाही ठाऊक असायच्या. श्रीमंतांकडे परदेशी तिजोऱ्या होत्या. अर्देशीर यांनी १९०१ च्या सुमारास तिजोरीवर काम सुरू केलं आणि १९०२ मध्ये त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली.

तिजोरी बनवताना त्यांनी चोराच्या डोक्याने विचार केला. पेटीचे पत्रे कोपऱ्यात जोडलेले असतात. मग चोर दाराशी झटणारच नाही, तो सांध्यावर घाव घालेल. म्हणून सांधेच कमी करायचे. पोलादी पत्रा कापून जोडण्याऐवजी वाकवून पेटी करायची. पुढे १६ ठिकाणी वाकवलेल्या पत्र्याची त्यांची रचना प्रसिद्ध झाली आणि तिचं पेटंटही झालं. दुसरी गोष्ट आग. चोर सगळं नेत नाही, आग मात्र सगळं नेते. त्यामुळे एकच पेटी चोरालाही पुरून उरली पाहिजे आणि आगीलाही, यावर ते अडून बसले.

मधल्या काळात धंद्यात माणसं आली आणि गेली. कामांच्या विनंतीवरून त्यांच्या पुतण्याला, बॉइसला, अर्देशीर यांनी सोबत घेतलं. त्याला या कामात फारसा रस नव्हता, तो लवकरच बाहेर पडला. पण कंपनीच्या नावातून बॉइस हा शब्द अर्देशीर यांनी काढला नाही. गोदरेज अँड बॉइस हे नाव आजही तसंच आहे. कामांचं कर्ज परत करायला ते गेले तेव्हा कामा अखेरच्या आजारात होते आणि त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला, असं सांगितलं जातं. ज्याने नाव लावून काही केलं नाही त्याचं नाव कंपनीवर कायम राहिलं आणि ज्याने दोनदा पैसे लावले ते मेरवानजी कामा मात्र विस्मरणात गेले.

१९०६ मध्ये धाकटा भाऊ पिरोजशा धंद्यात आला. दोघांत चौदा वर्षांचं अंतर. अर्देशीर यांचं डोकं नवीन वस्तूत रमायचं, पिरोजशांना कारखाना चालवता यायचा. जोडी जमली. १९११-१२ मध्ये राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी भारत दौऱ्यावर आले तेव्हा राणीच्या मौल्यवान वस्तूंसाठी गोदरेजची तिजोरी वापरली गेली. पंधरा वर्षांपूर्वी इथला छाप बघून डॉक्टर चिमटा घेणार नाहीत असं ज्याला ऐकवलं गेलं होतं, त्याच्या तिजोरीत आता इंग्लंडच्या राणीचे जिन्नस होते.

एवढ्यावर स्वस्थ बसायचं, तर ते अर्देशीर कसले. १९१८ मध्ये ते साबणाकडे वळले. त्या काळी साबणात सर्रास जनावरांची चरबी असायची. त्यांनी वनस्पती तेलापासून साबण बनवला. नाव ठेवलं चावी. कुलूपवाल्याच्या साबणाचं नाव दुसरं काय असणार!

अर्देशीर स्वदेशीचे कट्टर होते, पण त्यांची स्वदेशी जरा वेगळी होती. देशी आहे म्हणून वाईट मालही घ्या, हे त्यांना पटायचं नाही. लोकांनी देशप्रेमापोटी गिळून घेतलेला माल शेवटी देशी उद्योगाचंच नाव घालवेल, असं त्यांचं म्हणणं होतं. या मुद्द्यावर त्यांचे मोठ्या नेत्यांशीही मतभेद होते. तरीही १९२१ मध्ये लोकमान्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड गोळा होत होता, तेव्हा अर्देशीर यांनी त्यात तीन लाख रुपये दिले. अख्ख्या फंडाचं उद्दिष्ट एक कोटीचं होतं, यावरून ती रक्कम किती मोठी होती ते कळेल.

आणि मग १९२८ मध्ये, साठीला आलेल्या या माणसाने कारखाना पिरोजशांच्या हवाली केला आणि तो नाशिकला शेती करायला निघून गेला.

नाशिकची शेती काही फळाला आली नाही. वकिली आणि डॉक्टरांच्या हत्यारांनंतर अर्देशीर यांचा फसलेला हा तिसरा उद्योग म्हणायचा. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्यामागे ना पत्नी होती ना मुलं. आज गोदरेज म्हणून जे कुटुंब आपण ओळखतो ते पिरोजशांचं.

अर्देशीर यांच्या पेट्यांची सगळ्यात मोठी परीक्षा ते गेल्यानंतर झाली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. शेकडो माणसं गेली, गोदीच्या आसपासच्या इमारती कोसळल्या, आग काही दिवस धुमसत होती. त्या ढिगाऱ्यांतून गोदरेजच्या तिजोऱ्या निघाल्या आणि आतले कागद शाबूत होते, ही हकीकत कंपनी आजही अभिमानाने सांगते.

पिरोजशांनी त्याच्या आदल्याच वर्षी विक्रोळीची जमीन लिलावात घेतली होती. तेव्हा ते शहराबाहेरचं गवताळ, खाजणाचं रान होतं. लालबागच्या शेडमधून निघालेला कारखाना पुढे तिथे गेला.

१९५१ मध्ये याच विक्रोळीच्या कारखान्याला सरकारकडून एक मोठी ऑर्डर आली. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक होती आणि मतपेट्या हव्या होत्या. चार-सहा महिन्यांच्या आत बारा लाखांहून जास्त पेट्या बनवायच्या होत्या. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळं कुलूप लावायचं तर खर्च परवडत नव्हता. तेव्हा कारखान्यातल्या माणसांनी कुलूप पेटीच्या आत बसवलं.